तोफेच्या तोंडी माइक

माझ्या धाकट्या भावाला सगळे तोफ म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बरं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. तो बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवतो. वाजवतो कसला, डागतो. लग्नाची मिरवणूक अजून बाजारात असते आणि इकडे हॉलमधले पाहुणे खुर्च्यांवरून उठून कपडे सारखे करायला लागतात, की चला, तोफ ऐकू आली. ह्याचा त्याला कोण अभिमान! पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, पण कुणी नुसतं "काय दम आहे हो तुमचा" म्हटलं की स्वारीची छाती अशी फुगते की कोटाची बटणं देवाचा धावा करतात. बँडचे कोट मीच शिवते. बाकीच्यांच्या बटणांना चार टाके घालते, ह्याच्या बटणांना आठ.

खाली माझं शिवणाचं दुकान, वर त्याचं बिऱ्हाड आणि मधे एक छत, बिचारं. तो सरावाला बसला की माझ्या खिडकीच्या काचा ताल धरतात. नवीन गिऱ्हाईक असलं तर दचकून वर बघतं. मी म्हणते, "घाबरू नका, भाऊ आहे."

तर ह्या आमच्या तोफेनं गेल्या वर्षी वस्तू पाडायला सुरुवात केली. आधी कप पडला. मग माझा कपडे अडकवायचा पुतळा पडला, त्याची मानच मोडली. मग एके दिवशी मिरवणुकीहून ट्रम्पेटच्या भोंग्याला पोचा पाडून घरी आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"खांब मधे आला."

"खांब चालत आला?"

"ताई, उगाच फाटे फोडू नकोस. गर्दी होती."

माझ्या लक्षात आलं होतं, जे पडतंय ते सगळं डाव्या हाताचं पडतंय. मी म्हटलं, डोळे दाखव. तर काय भडकला! "डोळ्यांना काय झालंय माझ्या? आण ती सुई." मी सुई दिली, दोरा दिला. चष्मा नाही, काही नाही, पठ्ठ्यानं पहिल्या फटक्यात सुई ओवली. मला दोन चष्मे लावूनही तसं जमत नाही. "बघ, ससाण्याची नजर आहे," असं म्हणत ऐटीत वळला तो डावीकडे, आणि टेबलावरची गरम इस्त्री धाडकन खाली. कुणाच्या तरी नव्या कोटाचं अस्तर जळलं. मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. दुकानाला कुलूप घातलं आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. कानाला धरून नेलं म्हणत नाही मी, पण जवळपास तसंच.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी ह्याला एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला दिवा की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. बटण टकटक वाजायचं आणि मधेच कितीतरी वेळ नुसती शांतता. त्या शांततेत दिवे लागत होते, आणि ह्याला दिसत नव्हते.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यांतला दाब वाढलाय. समोरचं छान दिसतं, म्हणून सुई ओवता येते. पण कडेचं हळूहळू जातं, आणि माणसाला कळतही नाही. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली होती. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवायचं. रोज न चुकता थेंब घालायचे. "काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"पहिला ट्रम्पेट," हा म्हणाला. एवढं ऐकूनही छाती फुगलीच.

"कसं फुंकता, दाखवा बरं."

ट्रम्पेट बरोबर नव्हता, पण ह्यानं नुसतं तोंड करून दाखवलं. गाल फुगले, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, आणि डोळे तर असे बाहेर, की बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे बंद करा," त्या म्हणाल्या.

"तोंड?"

"फुंकणं. असं जोर लावून फुंकलं की डोळ्यांवरचा दाब चढतो. तुमच्यासारख्या डोळ्यांना हे परवडणार नाही."

हा गप्प झाला. माझा भाऊ गप्प बसलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून मीच तोंड उघडलं. "आणि हळू वाजवलं तर?"

बाईंनी विचार केला. जोर न लावता, वरचे सूर रेटून न काढता, अगदी हळू वाजवणार असतील तर बघू, म्हणाल्या. पुढच्या तपासणीला दाब उतरला नसेल, तर मात्र ट्रम्पेट पेटीत, आणि पेटी माळ्यावर.

घरी आल्यावर मी भावजयीला सगळं सांगितलं. माझी भावजय मोजकं बोलते. तोफेशेजारी आयुष्य काढायचं म्हणजे दोघांपैकी एकानं मोजकंच बोलावं लागतं. ती म्हणाली, "हळू? ताई, ह्यांना हळू बोलता येत नाही. परवा माझ्या कानात गुपित सांगितलं, ते समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी बँडमास्तरांकडे गेले. मास्तर वाईट माणूस नाही, पण बँडचं काम आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. गाणारी मुलगी आली, कीबोर्ड आला, गाड्यावर दोन कपाटांएवढे स्पीकर आले. मास्तर म्हणाले, "ताई, त्या स्पीकरपुढे तो एकटाच तर माइकशिवाय टिकतो, म्हणून तोफ. तो हळू वाजवायला लागला तर ऐकू येणार नाही. आणि ऐकू न येणारा पहिला ट्रम्पेट कोण ठेवतो? त्याला क्लिपचा माइक लावा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला आवडणार नाही, पण बघावा लागेल."

म्हणजे झालं. जोरात वाजवलं तर डोळे जाणार, हळू वाजवलं तर जागा जाणार. मधे एकच वाट, आणि ती बोटाएवढ्या माइकमधून जात होती.

आणि स्वारीचं म्हणणं काय? "माइक? मला? माइक गाणाऱ्यांना लागतो. तोफेला कधी कुणी भोंगा लावलेला बघितलाय?"

"तोफेला बत्ती देणारी बहीण असते, ते बघितलंयस?" असं काहीतरी मी रागात बरळले. मलाही त्याचा अर्थ माहीत नाही. पण आवाज चढला की तो ऐकतो. शेवटी म्हणाला, "बरं, पण स्वस्तातला. त्या चिमट्यासाठी मी घर विकणार नाही."

चांगला माइक आणि स्वस्त माइक म्हणजे सख्ख्या जावा-जावा. एका घरात नांदत नाहीत. तरी आम्ही निघालो.

स्पीकर-माइकचं ते दुकान म्हणजे बोळ. दोन्हीकडे छतापर्यंत खोकी, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि टोकाला दुकानदार कोळ्यासारखा बसलेला. त्यानं आमच्यापुढे एक इवलासा माइक ठेवला. काळा, शर्टाला लावायच्या चिमट्याचा. किंमत ऐकून भावाचा चेहरा खुलला.

"बोलून बघा," दुकानदार म्हणाला.

आमची तोफ माइकसमोर झाली. "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन." दुकानातल्या स्पीकरमधून असा काही भरदार, गोड आवाज आला की मीच वळून बघितलं, बोललं कोण. भाऊ तर हरखूनच गेला. पुन्हा हॅलो म्हणाला. मग आमच्या गल्लीचा पत्ता म्हणाला. मग घसा साफ करून बातम्या दिल्यासारखा, "आज हवामान कोरडं राहील," असंही म्हणाला. मलाही म्हणायला लावलं. खोटं कशाला बोलू, मलाही माझा आवाज आवडला. इतक्या स्वस्तात इतका गोड आवाज मिळतोय म्हटल्यावर आम्ही दोघं पिशवी हलवत घरी आलो.

पाण्याचा माठसुद्धा माणूस वाजवून घेतो. आम्ही माइक बोलून घेतला.

सरावाच्या खोलीत साउंडवाल्यानं तो माइक भोंग्याच्या काठाला लावला. हा साउंडवाला बँडच्या गाड्यावर मागे बसतो, कमी बोलतो आणि बटणं जास्त फिरवतो. तो म्हणाला, "वाजवा." भावानं वाजवलं, आणि स्पीकरमधून जो आवाज आला त्याला मी ट्रम्पेट म्हणणार नाही. ओला पत्रा फाडल्यासारखा, त्यात कोंबडी पकडल्यासारखा. गाणाऱ्या मुलीनं दोन्ही कानांत बोटं घातली. ढोलवाला हसून हसून ढोलावर आडवा झाला. साउंडवाल्यानं सगळी बटणं खाली आणली, तरी आवाज फाटका तो फाटकाच.

"हा बोलायचा माइक आहे," साउंडवाला म्हणाला. "शिकवणाऱ्या बाई लावतात ना, तो. माणसाचं तोंड केवढं आणि भोंगा केवढा. एवढा आवाज त्याच्या घशाखाली उतरत नाही."

"बघितलंस?" भाऊ मला म्हणाला. त्याला एवढा आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. "माइक आपल्यासाठी नाहीत, ताई."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "चल."

"कुठे?"

"अंगण बदलायला."

दुकानदार परत घ्यायला तयार होईना. "बोलायला चांगला होता ना?" म्हणाला.

"हा तोंडानं बोलत नाही हो, पितळेनं बोलतो! चप्पल घेताना तुम्ही हातात घालून बघता का?"

"मग करू काय मी?"

"दुसरे काढा. आणि हा वाजवून बघणार. इथेच."

दुकानदारानं खोक्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं, शेजारच्या घड्याळवाल्याच्या भिंतीकडे बघितलं आणि हात जोडले. "बाई, दुकानात नको."

"मग दुकानाबाहेर उभी राहून मी बोलते. माझा आवाज चालेल का?" मी विचारलं. तो माझ्याकडे नीट बघून खोकी काढायला उठला.

पहिला माइक लावला, भावानं फुंकलं. वरच्या रांगेतली दोन खोकी खाली आली, एक दुकानदाराच्या डोक्यावर. घड्याळवाला धावत आला, त्याच्या मागे आणखी चारजण. सगळे जागच्या जागी उभे राहिले, कारण पुढे यायला वाट नव्हती. दुसरा माइक बिनवायरचा होता. छोटासा, देखणा, भोंग्यावर बसला की दिसतसुद्धा नव्हता. भावाला तोच आवडला. पण घड्याळवाल्याचा फोन वाजला की ह्याचा आवाज तुटायचा, आणि वाजवलेला सूर स्पीकरमधून अर्धी पापणी लवेल इतक्या उशिरा यायचा. "मी पुढे आणि माझं गाणं मागे," भाऊ म्हणाला, "अशानं बँड दरीत जाईल." ह्यापेक्षा चांगला बिनवायरचा होता, पण त्याची किंमत दुकानदारानं सांगितली आणि आम्ही दोघांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

तिसरा माइक दिसायला ओबडधोबड. भोंग्याच्या काठाला धरायला जाड चिमटा, त्यातून वर वाकवता येणारी दांडी, दांडीच्या टोकाला वाटाण्याएवढा माइक, आणि खाली वायर. वायर पट्ट्याला अडकवायच्या डबीत जायची, डबीतून गाड्यावर. घड्याळवाला म्हणाला, "हा काही बरा दिसत नाही." पण भावानं फुंकलं आणि स्पीकरमधून ट्रम्पेट आला. फाटका नाही, चिरका नाही. ट्रम्पेट. फक्त चिमटा पितळेवर किरकिर करत होता. त्याला काय, चिमट्याच्या दोन्ही ओठांना आतून जाड लोकरीचं कापड लावलं की काम झालं. ते माझ्या चिंध्यांच्या पिशवीत हवं तेवढं.

पण भावाचं तोंड पडलेलं. "ताई, वायर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या बँडमध्ये पहिला ट्रम्पेट सगळ्यांच्या पुढे चालतो. वळणावर मागे फिरतो, उलटा चालतो, मान हलवतो, आणि अख्खा बँड त्याच्या मानेवर चालतो. वायरचा माइक लावला की गाड्याशेजारी चालायचं. मधे, सगळ्यांबरोबर. डावा कोण, उजवा कोण, कुणाला कळणार नाही.

"दावणीला बांधल्यासारखा चालू का मी गाड्याला?" तो म्हणाला.

"अरे, तोफ गाड्यावरच असते," मी म्हटलं. दुकानातली माणसं हसली. तोही हसला, पण माझ्यासाठी हसला. माइक आम्ही घेतला. आमच्या खिशात बसत होता तो एकच.

मी त्याच्या कोटाला आतून खिसा शिवला, डबी राहील असा. डबीवर एक खटका होता आणि त्याच्या शेजारी एक हिरवा दिवा, माइक चालू असला की लागणारा. तो बाहेरून दिसावा म्हणून खिशाला आणि कोटाला मी गोल खिडकी ठेवली, काठाला बटणाच्या काजासारखे टाके घालून. भावजय म्हणाली, "छान दिसतंय. मलासुद्धा लांबून कळेल, हे चालू आहेत की बंद."

पहिल्या मिरवणुकीला मी मुद्दाम गेले. भावावर विश्वास आहे माझा, पण आंधळा नाही. हे लिहिताना जीभ चावली मी, पण राहू दे. लग्नाची मिरवणूक होती. मागे फुलांनी सजवलेली गाडी, तिच्यात नवरा-नवरी, पुढे स्पीकरचा गाडा, गाड्याच्या डाव्या अंगाला वायरीनं जोडलेला माझा भाऊ, आणि त्यांच्यापुढे बाकीचा बँड. पहिलं गाणं सुरू झालं आणि ट्रम्पेट असा खणखणीत वाजला की माझा जीव भांड्यात पडला. साउंडवाल्यानं गाड्यावरून मला अंगठा दाखवला. "ताई, माइक जबरदस्त! मी बटण पूर्ण वर नेलंय, जरासुद्धा फाटत नाही!"

मी भावाकडे कौतुकानं बघितलं. चेहरा लालबुंद. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. मी खाली बघितलं. कोटाच्या गोल खिडकीत काळोख.

लबाडानं खटका बंद केला होता! माइक मिरवत होता आणि पहिल्यासारखाच छाती फोडून फुंकत होता. डॉक्टरबाई, थेंब, माझे टाके, दुकानदाराचं डोकं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी! माझं डोकं असं फिरलं की मी ढोलवाल्याला बाजूला सारलं, गर्दीतून घुसले आणि त्या खिडकीत बोट घालून खटका वर केला.

मला वाटलं, दिवा लागेल. दिवा लागलाच. पण साउंडवाल्याचं बटण पूर्ण वर होतं आणि भाऊ नेमका सगळ्यात वरच्या सुरावर होता. जो काही दणका झाला, त्यानं रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम बोंबलायला लागले. बँड थांबला. मिरवणूक थांबली. एकेक गाडी रडायची थांबली आणि अख्ख्या रस्त्यावर शांतता झाली.

"खटका का बंद केलास?" मी विचारलं.

"आपोआप झाला असेल."

"आणि ह्या मानेच्या शिरा? ह्याही आपोआप?"

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत! ज्यांना दिसतंय त्यांनी बघावं! तू तुझं बघ. अरे, उरलेलंही दिसायचं बंद झालं तर काय करशील? लहानपणी तुला हाताला धरून शाळेत नेलं, ते पुरे झालं मला. आता पुन्हा हाताला धरून जिना चढवायची ताकद नाही माझ्यात. शिवता शिवता हात थांबतो माझा. वर तुझं काही पडल्याचा आवाज आला की काळजात धस्स होतं. मला भीती वाटते रे. कळत नाही का तुला?"

मला माझा आवाज जरा घुमतोय असं वाटलं, पण राग आला की माझे कान तसेही घुमतात.

त्यानं ट्रम्पेट खाली घेतला, छातीशी धरला. अगदी हळू बोलला. इतकं हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"मला हळू वाजवता येत नाही, ताई."

"म्हणजे?"

"येत नाही. कधी शिकलोच नाही. जोरात फुंकलं की सूर सरकला तरी कुणाला कळत नाही, लोक टाळ्या वाजवतात. हळू फुंकलं की सगळं उघडं पडतं. परवा खोलीचं दार लावून बघितलं मी. नवशिक्यासारखं वाजलं. ओठ थरथरत होते. इतकी वर्षं पहिला ट्रम्पेट म्हणून मिरवतोय, आणि मला एक साधा सूर हळू धरता येत नाही. आता कुणाला तोंड दाखवू?"

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मला साउंडवाला दिसला. तो तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता, आणि त्याचा हात बटणावर तसाच होता. बटण तसंच वर होतं. मी मान वळवली. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून माणसं, गच्चीवर माणसं, न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या दाढीचा एकजण बाहेर आलेला. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या भावानं ती इतकी वर्षं झाकली होती आणि मी भर रस्त्यात, दोन कपाटांएवढ्या स्पीकरमधून उघडली. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. भाऊ वायर सोडवायला लागला.

पुढून मास्तर आले. मला वाटलं, आता संपलं.

एवढ्यात नवरीनं गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोक्यावरची फुलं एका कानावर आली होती. "अहो काका," ती म्हणाली, "हळूच वाजवा ना. चुकलं तर चुकलं. तुमच्या त्या दणक्यानं ह्यांना मी काय बोलतेय ते आत्तापासूनच ऐकू येईनासं झालंय."

रस्ता खो खो हसला. नवराही हसला, पण जरा उशिरा, म्हणजे त्याला खरंच ऐकू आलं नसावं. मास्तरांनी भावाच्या हातातून वायर घेतली आणि परत डबीत खोचली. "ढोल बंद," ते मागे वळून म्हणाले. "कीबोर्ड बंद. तू एकटा वाजव. आम्ही चालतो."

भावानं ओठ पुसले. ट्रम्पेट वर घेतला. पहिला सूर मधेच फाटला आणि तो फाटलेला सूर दोन्ही स्पीकरांतून रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. लपवायला जागाच नव्हती. त्यानं ट्रम्पेट खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर घेतला. दुसरा सूर लागला. बारीक, थरथरणारा, पण लागला. मग तिसरा. एक जुनं संथ गाणं होतं, सगळ्यांना येणारं. दोनदा चुकला, एकदा श्वास संपून मधेच थांबला, आणि तो घेतलेला श्वाससुद्धा सगळ्यांना ऐकू आला. मी जन्मभर ह्या माणसाच्या ट्रम्पेटखाली राहतेय, पण हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते पदरानं पुसलं नाही, सरळ रडले. मिरवणूक हळूहळू चालत राहिली.

त्यानंतर काही टवाळांनी त्याला फुसका बार म्हणून बघितलं. तो म्हणतो, म्हणू देत. सरावाला रोज बसतो, दार उघडं ठेवून, आणि जमेपर्यंत एकच सूर धरून बसतो. मास्तरांनी दुसरा माणूस शोधला नाही.

पुढच्या तपासणीला मीच जास्त घाबरले होते. डॉक्टरबाईंनी यंत्रात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाल्या, दाब उतरलाय. मी एवढ्या जोरात "हुश्श" केलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. भावानं विचारलं, "मग डावीकडचं?" बाई म्हणाल्या, "ते गेलं ते गेलं. पण आता आहे ते टिकेल. असंच वाजवत राहा." तो थेंबांची बाटली खिशात टाकून उठला.

गाड्याशेजारी चालताना गाडा त्याच्या उजवीकडे असतो आणि डावीकडे उघडा रस्ता. न दिसणारी बाजू तीच. म्हणून लांबच्या गावची मिरवणूक नसली की मी दुकान बंद करते आणि मिरवणुकीत त्याच्या डाव्या हाताला चालते. खांब, सायकली, दुकानांच्या पायऱ्या, बाबागाड्या, सगळं मी बाहेरच्या बाहेर परतवते. त्याला काही सांगितलेलं नाही. मदत म्हटलं की स्वारी बिथरते. मी आपली एक पाऊल मागे राहते, त्याला दिसणारच नाही अशी, आणि तो वाजवतो.

परवा एका वळणावर गाण्याच्या मधे त्यानं ट्रम्पेट ओठांपासून काढला, माइकवर हात धरला आणि मान न वळवता म्हणाला, "ताई, डावी चप्पल घासत चालतेस. माइकात येतं. पाऊल उचलून टाक."

मी चाटच पडले. "तुला कसं कळलं मी इथे आहे?"

"रोज ऐकतो की," तो म्हणाला, आणि पुढची ओळ वाजवायला लागला.

मी पाऊल उचलून टाकायला लागले.